कायोटी दीडशे यार्डांवर येऊन थबकतो. कॉलरचा टिपेचा आवाज नडतोय का?

बार्शीचा_टेक्सासकर

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, पण तपशिलाशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळं लिहितोय.

मी पश्चिम टेक्सासात सॅन अँजेलोला असतो. पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम. कामाच्या वाटेवर एका म्हाताऱ्या शेळीवाल्याशी ओळख झाली, आता घरोबाच आहे. त्याच्याकडे अंगोरा शेळ्या आहेत, मोहेरवाल्या. हा एडवर्ड्स पठाराचा सगळा पट्टाच शेळ्यामेंढ्यांचा. गेल्या वसंतात त्याची नऊ करडं कायोटींनी (इथले कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) नेली. म्हणून तो हिवाळ्यात कॉलर लावून बसतो. त्याच्या हातात बंदूक, माझ्या हातात कॅमेरा. मी बंदूक उचलत नाही, पण कुंपणाशी पडलेलं अर्धं करडू मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे त्याला बोलही लावत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉलर म्हणजे रिमोटवर चालणारी स्पीकरची पेटी. तिच्यात जखमी सशाचं किंचाळणं, उंदराची चूंचूं, पिल्लाचं केकाटणं, कायोटीची हाळी असे आवाज भरलेले असतात. पेटी झुडपात ठेवायची, आपण ४०-५० यार्ड लांब बसायचं. आमच्या पेटीला एक मुख्य भोंगा आहे आणि शेजारी बारीक आवाजासाठी छोटा ट्वीटर. खोक्यावर छापलंय की यातून माणसाला ऐकू न येणारे आवाज निघतात आणि ते शिकारी जनावरांना मैलभरावरून खेचून आणतात. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आता घडलं ते सांगतो. जानेवारीतल्या तीन संध्याकाळी, जागा तीच. समोर मेस्किट (आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण), मध्ये मध्ये फड्या निवडुंग, पलीकडे उघडा माळ.

पहिल्या दिवशी ट्वीटर बंद, नुसतं सशाचं किंचाळणं. अकराव्या मिनिटाला माळावरून एक कायोटी सरळ रेषेत धावत आला. साधारण १५० यार्डांवर गचकन थांबला. दोन्ही कान पुढे. मान एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे. मिनिटभर तसाच उभा. मग डावीकडून मोठा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला आणि नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी ट्वीटर चालू, उंदराचा आवाज, पूर्ण व्हॉल्यूम. अर्धा तास काही नाही. आम्ही उठणार एवढ्यात म्हाताऱ्याने माझा गुडघा दाबला. पेटीपासून पंचवीस-तीस यार्डांवर मेस्किटच्या बुंध्याशी बॉबकॅट (इथलं रानमांजर) बसला होता. कधी आला, कुठून आला, काही कळलं नाही. घरातलं मांजर बिळाशी बसतं तसा पाय पोटाशी घेऊन बसलेला, नजर पेटीवर. दहा मिनिटं हलला नाही.

तिसऱ्या दिवशी दोन्ही स्पीकर चालू. पुन्हा कायोटी, पुन्हा दीडशे यार्ड. या वेळी त्याने कान मागे पाडले, डोकं झटकलं आणि आल्या वाटेने परत गेला.

मला विचारायचंय ते असं: त्या ट्वीटरमधून असं काही निघतंय का जे मला ऐकू येत नाही आणि त्याच्या कानाला टोचतंय? की हा टिपेचा आवाज खरंच लांबून जनावर ओढतो आणि चूक आमचीच होतेय?

लहानपणी बार्शीकडे आमच्या शेतावर एक पारधी आजोबा यायचे. बांधाआड बसून नुसत्या तोंडाने तितराचा आवाज काढायचे. रानातलं तितर उत्तर द्यायचं आणि चालत चालत त्यांच्या पायाशी यायचं. ते आठवलं की वाटतं, आम्ही एवढी पेटी लावून दीडशे यार्डांवरच अडकतोय म्हणजे आमचं काहीतरी मुळातच चुकतंय.

प्लॅटकाठचा

दादा, मी नेब्रास्कात बावीस वर्षं आहे आणि त्यातली एकोणीस वर्षं कॉलिंग करतोय. आधी तोंडाने फुंकायचे कॉल, नंतर पेटी. शिकार करायचो, आता गुडघ्यांमुळे बरंचसं नुसतं बघणंच होतं. ताईमंडळींपैकी कुणी आवाजाचं शास्त्र सांगेल, मी अनुभवाचं सांगतो.

तुमच्या तिन्ही संध्याकाळी मला पहिला दोष व्हॉल्यूमचा दिसतो. सुरुवात हळू करायची. कायोटी कधी कधी शंभर यार्डांवरच झोपलेला असतो. त्याच्या कानाशी एकदम कर्कश आवाज फुटला तर तो येणार नाही, जाईल. पहिली चार-पाच मिनिटं हळू, मग वाढवा, आणि जनावर दिसलं की लगेच कमी करा. बहुतेक लोक उलटं करतात. कायोटी दिसला की घाईत आवाज वाढवतात.

दुसरं, वारा. तुमचा कायोटी गेला कुठे, तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला. कानाने त्याला 'कुठे' ते कळलं होतं, 'काय' ते त्याला नाकाने विचारायचं होतं. तो वळसा तो घेणारच, नव्वद टक्के वेळा घेतो असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन. मग बसायचं असं की तो वळसा तुमच्या समोरून जाईल. पेटी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, तुम्ही आडव्या वाऱ्यावर, आणि वाऱ्याखालची जमीन तुम्हाला उघडी दिसली पाहिजे. तुमच्या जागेवर डावीकडे दाट मेस्किट असणार, तो तिथेच शिरला. बरोबर?

तिसरं, महिना. जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ. या दिवसांत ससा किंचाळला तरी कायोटीचं अर्धं लक्ष पोटाकडे नसतं. एखादी हाळी द्या, मादीची, एकदाच. आणि मग गप्प बसा. गप्प बसणं लोकांना जमत नाही, रिमोट हातात असला की बोट शिवशिवतं. एप्रिल-मेमध्ये पिल्लं झाली की पिल्लाच्या केकाटण्यावर आई-बाप धावत येतात, भूक असो नसो. पण तो आवाज मी वापरत नाही. बिळात पिल्लं असताना आईला बाहेर काढणं मला पटत नाही.

बॉबकॅटचं तुम्ही बरोबर केलंत, बसून राहिलात. कायोटीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बॉबकॅटला पाऊण तास द्यावा लागतो. तो येतो असं म्हणण्यापेक्षा तो दिसायला लागतो, असं म्हणा. बारीक, सतत चालणारा आवाज त्याला धरून ठेवतो. आवाज थांबला की त्याचं लक्ष उडतं.

थोडा इतिहास, कारण तुमच्याच राज्याचा आहे. पन्नाशीच्या दशकात मार्बल फॉल्सच्या बर्नम बंधूंनी तोंडाने वाजवायचे कॉल घरोघरी पोचवले. साठच्या दशकात वेको गावच्या जॉनी स्ट्युअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज रेकॉर्ड करून विकायला सुरुवात केली. तेव्हाचे आवाज आज ऐकले तर घरघर असते, वरचा बारीक भाग जवळपास नसतोच. तरी कायोटी यायचे! त्यामुळे ट्वीटरवाचून अडतं असं मला वाटत नाही. तो जवळच्या कामाचा आहे.

जवळच्या कामाचा म्हणजे काय ते पेटीशिवाय करून बघा. हाताच्या पाठीला ओठ घट्ट लावून हवा आत ओढायची, चुक-चुक आवाज येतो. जनावर साठ यार्डांच्या आत आलं, थांबलं, की हे करायचं. त्याच्या कानाची टोकं तुमच्याकडे वळलेली दिसतील.

आणि एक ध्यानात ठेवा. एकाच जागी तोच आवाज पुन्हा पुन्हा लावू नका. जो कायोटी एकदा येऊन फसला आणि वाचला, तो तो आवाज विसरत नाही. आमच्याकडे असा एक होता. ठरावीक सशाचा आवाज लावला की लांबच्या टेकाडावर यायचा, बसायचा, आणि आवाज संपेपर्यंत आमच्याकडे बघत राहायचा. मी त्याच्यासाठी तो आवाज पेटीतून कायमचा काढला.

कानसेन

मी पुण्यात वटवाघळांचे आवाज रेकॉर्ड करते. कॉलर कधी वापरला नाही, पण प्रश्न कानाचा आहे म्हणून लिहिते.

आधी आकडे. किलोहर्ट्झ म्हणजे आवाज किती टिपेचा आहे ते मोजायचं माप. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, चाळिशीनंतर त्याच्याही बरंच खाली येतो. कुत्र्याचा ४५ पर्यंत जातो. रेड फॉक्सचा (तांबड्या कोल्ह्याचा) मोजला, तो ४८ पर्यंत गेला, पण सगळ्यात तीक्ष्ण ४ किलोहर्ट्झला होता. घरातल्या मांजराचा ८५ पर्यंत. कायोटी कुत्र्याचा अगदी जवळचा नातलग, बॉबकॅट मांजराच्या घरातला. तेव्हा त्यांना ऐकू येतं आणि आपल्याला नाही, हे खरंच आहे.

पण पेटीत ते आहे का? नेहमीच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. अशा फाइलमध्ये २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावूच शकत नाही, हे गणितच आहे. आणि फाइल १२८ केबीपीएसची एमपी३, म्हणजे दाबून लहान केलेली, असेल तर साधारण १६ च्या वरचं बहुतेक कापलेलं असतं. म्हणजे खोक्यावर लिहिलेला 'माणसाला ऐकू न येणारा' आवाज त्या पेटीत बहुधा नाहीच. तुमचा ट्वीटर जे वाजवतोय ते आपल्याही कानाच्या आतलं आहे, फक्त टिपेचं.

आता मैलभराचं. आवाज लांब जाताना दोन गोष्टी त्याला खातात. एक म्हणजे पसरणं: अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गेले. एका मीटरपासून १२८ मीटरपर्यंत सात वेळा दुप्पट होतं, म्हणजे ४२ डेसिबल गेले. हे सगळ्या आवाजांना सारखंच. दुसरी गोष्ट म्हणजे हवा स्वतः आवाज पिते, आणि तिथे बारीक आवाजाचं फार नुकसान होतं. साधारण २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरली तर १ किलोहर्ट्झचा आवाज शंभर मीटरला जेमतेम अर्धा डेसिबल गमावतो. ८ किलोहर्ट्झचा दहाएक डेसिबल. २० किलोहर्ट्झचा पन्नासच्या आसपास! म्हणजे मैलभरावर टिपेचं काहीच पोचत नाही. लांबून जनावर ओढतो तो सशाच्या किंचाळण्यातला खालचा, जाड भाग.

मग बारीक आवाजाचा उपयोग काय? इथे मला एक घरचा प्रसंग सांगायचाय, कारण मला स्वतःला हे त्या दिवशी खरं कळलं.

आमची मांजर सोनी एका रात्री ओट्याखालच्या कपाटासमोर बसली होती. दार बंद. मला काहीही ऐकू येत नव्हतं. तिचे दोन्ही कान वेगवेगळे हलत होते, एक किंचित वर, एक किंचित बाजूला, मग दोन्ही एकदम एका कोपऱ्याकडे. मी गंमत म्हणून वटवाघळांसाठीचा डिटेक्टर (आपल्याला ऐकू न येणारे आवाज ऐकू येतील असे करून देणारं यंत्र) आणला आणि ६० किलोहर्ट्झला लावला. आतून टिकटिक सुरू होती, थांबून थांबून. दार उघडलं तर गव्हाच्या डब्यामागे, कुरतडलेल्या वर्तमानपत्राच्या चिंध्यांत उंदराची पाच गुलाबी पिल्लं. डोळेही उघडले नव्हते. उबेपासून दूर पडलेली पिल्लं आईला अशीच हाक मारतात, ५० ते ८० किलोहर्ट्झच्या दरम्यान. सोनीला दार बंद असताना पिल्लं कुठल्या कोपऱ्यात आहेत ते माहीत होतं. मी डिटेक्टर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, टिकटिक बंद. तीन-साडेतीन मीटरचं अंतर.

बारीक आवाज हा जवळचा आवाज असतो, आणि जागा दाखवणारा असतो. १ किलोहर्ट्झची लहर ३४ सेंटिमीटरची. कायोटीचं डोकं तिच्यापुढे लहान, ती डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांत सारखीच शिरते. १० किलोहर्ट्झची लहर साडेतीन सेंटिमीटरची. तिला डोकं आडवं येतं, एका कानाला जास्त ऐकू येतं, दुसऱ्याला कमी. त्या फरकावरून जनावर जागा ठरवतं. लहान डोक्याच्या प्राण्यांना एवढं वरचं ऐकू येण्याचं एक मोठं कारण हेच मानतात. तुमच्या कायोटीने मान डावी-उजवीकडे कलवली ती त्यासाठीच. कानांची जागा बदलून तो पुन्हा मोजत होता.

तिसऱ्या संध्याकाळबद्दल माझा अंदाज. उंदीर कधी शंभर डेसिबलने ओरडत नाही. टिपेचा आवाज दीडशे यार्डांवर तुम्ही जबरदस्तीने पोचवलात, तर त्या कानाला ते कोडंच आहे: आवाजाचा पोत सांगतो उंदीर पायाशी आहे, अंतर सांगतं की नाही. शिवाय खरा ससा दमतो. त्याचा आवाज फाटतो, हलतो, मध्ये श्वास घेतो. तुमची पेटी तीच वीस-बावीस सेकंदं पुन्हा पुन्हा वाजवत असेल. फाइल जिथे पुन्हा सुरू होते तिथे बारीकशी टिचकी असते. आपल्याला ती ऐकू येत नाही किंवा आपण दुर्लक्ष करतो. टिचकीत सगळ्या उंचीचे आवाज एकदम असतात.

कान टोचले असतील असं मात्र वाटत नाही. वरचं गणित लावलं तर दीडशे यार्डांवर दुखावं इतका टिपेचा आवाज उरत नाही. कान मागे पाडणं हे संशयाचं लक्षण असावं. फोनवर स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी किती टिपेचा आवाज आहे त्याचं चित्र) दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्या, पेटी एक मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा, आणि चित्र इथे टाका.

बार्शीचा_टेक्सासकर

कानसेनताई, प्लॅटकाठचे दादा, दोघांचेही मनापासून आभार. डावीकडे दाट मेस्किट आहे, दादा, तुम्ही न बघता सांगितलंत.

एक नवीनच गोष्ट झाली. काल रात्री पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवून चालू केली, आवाज अजून लावला नव्हता, नुसतं बटण दाबलं होतं. माझी अकरा वर्षांची लेक खोलीतून आली आणि कानावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, ते ईईई बंद करा ना." मला काही नाही, बायकोला काही नाही. मी बंद केलं की ती म्हणायची गेलं, चालू केलं की आलं. तिची पाठ पेटीकडे करून आठ वेळा करून बघितलं. आठही वेळा बरोबर.

ॲपवर बघितलं तर १७ किलोहर्ट्झच्या जरा वर एक सरळ आडवी रेघ आहे. आवाज चालू असो की बंद, ती आहेच. हाच चोर का?

कानसेन

लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. तुमच्या घरातलं सगळ्यात चांगलं उपकरण तेच आहे.

ती रेघ बहुधा पेटीतल्या विजेच्या सर्किटची शीळ आहे. बॅटरीचा दाब वर-खाली करणाऱ्या भागातलं वेटोळं असं गुणगुणतं. पण दीडशे यार्डांवरचा चोर ती नाही. एवढी बारीक शीळ शंभर मीटरला हवेतच तीस-चाळीस डेसिबल गमावेल, त्यात पसरण्याचे चाळीस मिळवा. मुळात टेबलावर तुम्हाला जी जाणवतही नाही ती तिथपर्यंत शून्य. पेटीच्या वीस-तीस यार्डांत आलेल्या जनावराला मात्र ऐकू येत असेल. तुमच्या बॉबकॅटलाही बहुधा येत होती आणि तो तरी दहा मिनिटं बसला. म्हणजे अनोळखी बारीक शीळ म्हणजे पळून जाण्याचं कारण, असंही सरसकट नाही.

तरी पेटीवर एखादं जाड कापड टाकून बघा. आणि ट्वीटर वेगळा बंद करता येत असेल तर लांबून बोलावताना तो बंदच ठेवा. जनावर जवळ आलं की हळू आवाजात चालू करा.

ओतूरचे_अण्णा

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण इथे महाराष्ट्रातली पोरंही वाचतात, म्हणून मला लिहावंच लागेल.

मी जुन्नर तालुक्यातला. आयुष्य उसात गेलं आणि उसातल्या बिबट्यासोबत गेलं. आमच्याकडे दोन प्रकारची यंत्रं येतात. एक, शेतकऱ्याला विकतात ते, बिबट्या पळवणारं, कानाला न ऐकू येणारा आवाज सोडणारं. माझ्या पुतण्याने गोठ्याला लावलं होतं. पहिला आठवडा कुत्रीसुद्धा फिरकेनात. तिसऱ्या आठवड्यात कुत्री त्याच्याखाली झोपायला लागली, आणि दीड महिन्याने त्याच गोठ्यातलं वासरू गेलं. गोठ्याला दार नव्हतं. यंत्राच्या भरवशावर त्याने दार पुढे ढकललं होतं.

दुसरा प्रकार नवा आहे. मोबाईलला स्पीकर जोडायचा आणि करडाचं ओरडणं लावायचं, बिबट्या बाहेर येतो, व्हिडिओ काढायचा. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी सातच्या सुमाराला मी पाण्याची पाळी द्यायला गेलो होतो. बांधावर दोन पोरं मोटारसायकल लावून बसलेली, स्पीकर उसाच्या कडेला. मी त्यांना हटकणार तोच उसाच्या पानांची सळसळ झाली आणि थांबली. मादी बाहेर आली नाही. तिचं तोंड तेवढं पानांतून दिसत होतं, स्पीकरपासून पंधरा फुटांवर. ती स्पीकरकडे बघत नव्हती, पोरांकडे बघत होती. तिच्या मागे उसात आणखी काहीतरी हलत होतं, लहान. मी बॅटरी लावून मोठ्याने बोलायला लागलो, पिकाबद्दल, पाण्याबद्दल, जे सुचेल ते. ती तोंड मागे घेऊन गेली. पोरं थरथरत होती, माझेही पाय गळाले होते.

टेक्सासात काय चालतं ते तिथल्या कायद्याने चालतं. इथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, पकडणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हेही येतं. बिबट्या तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. आणि कायदा बाजूला ठेवा. करडाच्या आवाजावर माणसांजवळ यायची सवय तुम्ही त्या मादीला लावली, तर उद्या त्याच बांधावर कुणाची तरी लहान मुलगी शेळी शोधत फिरत असेल.

पावसाळ्याच्या तोंडाला नवरंग पक्ष्यासाठी मोबाईलवर शीळ लावून बसणारे फोटोवालेही मी पाहतो. बिचारा घर राखायला सारखा सारखा येतो, घसा फुटेस्तोवर ओरडतो, त्याला वाटतं कुणी दुसरा नर घुसलाय. त्याचं घरटं बांधायचे दिवस त्यात जातात. हे थांबवा.

बार्शीकर, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, तुमच्यावर राग नाही.

आल्बुकर्कीची_शलाका

अण्णांनी बिबट्यासमोर मोठ्याने बोलायला सुरुवात केली, ते वाचून अंगावर काटा आला, कारण त्याचाच प्रयोग कॅलिफोर्नियात झालेला आहे. सांताक्रूझच्या डोंगरात प्यूमा (इकडचं बिबट्याएवढं रानमांजर) शिकारीवर जेवत असताना लपवलेल्या स्पीकरमधून एकदा माणसांचं बोलणं लावलं, एकदा बेडकांचं ओरडणं. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बेडकांना प्यूमाने भीक घातली नाही. माणसाच्या आवाजाला मात्र बहुतेक वेळा पळाले, आणि त्या शिकारीवर त्यांचा जेवायचा वेळ निम्म्यावर आला. आणि माणसाचं बोलणं काही टिपेचं नसतं. साधा, खालच्या पट्टीतला गप्पांचा आवाज. पुढे २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पाणवठ्यांवर हेच केलं तेव्हा बहुतेक प्राणी सिंहाच्या गुरगुरण्यापेक्षा माणसाच्या बोलण्याला जास्त घाबरले.

बार्शीकर, तुमच्या शेजाऱ्याला एवढंच विचारा: करडं वाचवायची आहेत की कायोटी मारायचे आहेत? शंभर वर्षं मारूनही कायोटी या खंडात वाढतच गेला आहे. एक जोडी गेली की त्या जागेवर दुसरी येते. आमच्या न्यू मेक्सिकोत २०१९ मध्ये कायोटी मारायच्या स्पर्धांवर बंदी आली, तेव्हा शेळीवाल्यांची बाजूही मी ऐकली आहे, त्यांचं नुकसान खरं आहे. पण ज्यांच्याकडे कळपासोबत वाढवलेले ग्रेट पिरनीज कुत्रे आहेत ते रात्री झोपतात.

बार्शीचा_टेक्सासकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. उशिराबद्दल माफ करा.

अण्णा, तुमचं लिहिणं मी म्हाताऱ्याला इंग्रजीत करून वाचून दाखवलं. त्याने दोनदा विचारलं, "पंधरा फूट?" मग बराच वेळ काही बोलला नाही.

शलाकाताई, कुत्र्यांचं त्याच्या मनात आधीपासून होतं. पिरनीजची दोन पिल्लं आणली आहेत, आठ आठवड्यांची, पांढरीशुभ्र. सध्या शेळ्यांच्याच गोठ्यात झोपतात, शेळ्या त्यांना ढुशा देतात. राखायला लागायला त्यांना दीड-दोन वर्षं लागतील असं तो म्हणतो, तोवर येत्या वसंतात करडं रात्री आत बांधायची ठरवली आहेत.

पेटी घेऊन परवा शेवटचं बसलो. या वेळी त्याने बंदूक गाडीतच ठेवली, म्हणाला, आज तुझी पाळी. जागा बदलली, दादांनी सांगितल्याप्रमाणे वाऱ्याखालची जमीन उघडी ठेवली. ट्वीटर बंद. सशाचा आवाज चार मिनिटं अगदी हळू, मग जरा वर, मग पूर्ण बंद. पेटीजवळ काठीला एक टर्कीचं पीस बांधलं होतं, वाऱ्यावर हलायला. नवव्या मिनिटाला मादीची हाळी, एकदाच.

दोघं आले. नर मागे थांबला, मादी पुढे. दीडशे यार्डांवर ती थांबलीच, पण या वेळी पीस हललं आणि ती पुढे निघाली. वळसा घालायला वळली तेव्हा आमच्या समोरून, उघड्यावरून. साठ यार्डांवर मी हाताच्या पाठीवर चुक-चुक केलं. तिने पाऊल हवेतच धरलं. डावा कान माझ्याकडे, उजवा अजून पेटीकडे. कॅमेऱ्यातून तिच्या कानाच्या आतले पांढरे केस दिसत होते, डाव्या कानाच्या कडेला एक जुनी चीर होती. मग वारा पोचला असावा, कारण तिचं नाक वर गेलं आणि दोघंही पळाले.

फोटो रात्री टाकतो. कानसेनताई, त्याच्यासोबत स्पेक्ट्रोग्रामही टाकतो. १७ ची आडवी रेघ कापडाने फिकी झाली आहे, पण २१ व्या सेकंदाला वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ दिसते, प्रत्येक फेरीला. तुम्ही म्हणत होता ती टिचकी हीच का? लेकीला विचारलं तर ती म्हणते, ती तर तिला पहिल्या दिवसापासून ऐकू येतेय.